भाऊचा कॉम्प्युटर मंदावला तेव्हा

माझा मोठा भाऊ अकोल्याला असतो. त्याचं पाण्याच्या मोटारींचं दुकान होतं. नव्या विकायच्या, जुन्या दुरुस्त करायच्या. गावोगावचे लोक जळलेली मोटार घेऊन यायचे आणि ती होईपर्यंत भाऊच्या गप्पा ऐकत बसायचे. काहीजण मोटार झाली तरी उठत नसत. मग पन्नाशीच्या आतच त्याच्या हातून नट पिळायचे पाने गळून पडू लागले, जीभ जड झाली, आणि नागपूरच्या डॉक्टरांनी मोटर न्यूरॉनचा आजार असल्याचं सांगितलं. शरीराला हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, डोकं मात्र लख्ख राहतं. "मोटारवाल्याले मोटरचाच आजार झाला," असं तो परतीच्या गाडीत म्हणाला. बोलणं घोगरं झालं होतं, पण कळत होतं. पुढे तेही कळेनासं झालं.

आता त्याच्या मर्जीनं हलतात ते त्याचे डोळे आणि उजव्या हाताचं एक बोट.

त्या बोटाखाली कॅरमच्या सोंगटीएवढं बटण असतं आणि समोर लॅपटॉप. पडद्यावर मराठी अक्षरांच्या ओळी असतात, एक पिवळी पट्टी त्यांच्यावरून सावकाश खाली सरकते. हवी ती ओळ आली की भाऊ बटण दाबतो. मग पट्टी त्या ओळीतल्या अक्षरांवरून सरकते, पुन्हा दाबलं की अक्षर उमटतं. वाक्य झालं की कॉम्प्युटर ते मोठ्यानं वाचतो. बाजूला रोज लागणाऱ्या वाक्यांचे चौकोन आहेत, पट्टी त्यांच्यावर आली की एकदाच दाबायचं: पाणी द्या, कूस बदला, कफ अडकला, पंखा कमी करा. हे सगळं अमरावतीच्या एका बाईंनी बसवून दिलं. त्या मुख्यतः न बोलणाऱ्या मुलांना बोलायला शिकवतात. मी अमरावतीला शाळेत गणित शिकवते, आमच्या शाळेतल्या एका मुलीमुळे त्यांची माझी ओळख झाली.

रोज संध्याकाळी मी व्हिडिओ कॉल लावला की पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "काय वं पोट्टे, जेवली का?" माझ्या मुलीचं कॉलेज संपत आलं, तरी त्याच्यासाठी मी अजून लहान पोट्टीच. हे वाक्य तो आधीपासून लिहून ठेवत असावा, कारण कॉल लागताक्षणी ते यायचं.

त्याला एकच गोष्ट खुपायची. कॉम्प्युटरचा आवाज बाईचा होता, बातम्या सांगणाऱ्या बाईसारखा, अगदी शुद्ध. त्या आवाजात "कावून उशीर केला वं" ऐकताना आम्हाला हसू यायचं. भाऊला येत नसे. दुकानातली जुनी गिऱ्हाइकं भेटायला आली की तो लिहायचंच टाळायचा. वहिनी म्हणायच्या, "अवो, त्यायले काय कराचं हाय आवाजाशी?" पण तो नुसता डोळे मिटून घ्यायचा.

दिवाळीच्या सुट्टीत मी अकोल्याला होते तेव्हा त्यानंच विषय काढला. मराठी पुरुषाचा आवाज आला आहे असं त्यानं कुठेतरी वाचलं होतं, पण तो फक्त नव्या सिस्टीमवर चालत होता. जुन्या सिस्टीमची मुदत संपत आल्याचे निरोप पडद्याच्या कोपऱ्यात येतच होते. मी अमरावतीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, लॅपटॉप जुना आहे, कसाबसा बसेल, पण मंद होऊ शकतो. मी ते भाऊला सांगितलं. तो बराच वेळ लिहीत होता. मग मशीन बोललं, "मी मरीन तं माणसाच्या आवाजात मरीन. टाक."

वहिनी चिडल्या. "असं बोलनं बरं हाय काय सकाळी सकाळी?" पण त्यांनीच मग इंटरनेट जोडून दिलं आणि कॉम्प्युटर विचारेल तिथे होकाराचं बटण दाबत गेल्या.

दुपारपर्यंत पडद्यावर एक गोल फिरत होता. तेवढा वेळ भाऊ गप्प होता आणि घरही. मी त्याच्या शेजारी बसून राहिले. मला आठवतं, तेव्हाच पहिल्यांदा मनात आलं, हे परत चालूच झालं नाही तर? पण ते चालू झालं. सगळं निळं, गुळगुळीत, छान दिसत होतं. नवा आवाज बसला. भाऊनं पहिलं वाक्य लिहिलं, "ओळखू येते का?" त्याच्या स्वतःच्या आवाजासारखा तो मुळीच नव्हता, कुणातरी तरुण, सुशिक्षित माणसाचा होता. तरी वहिनींनी पदर डोळ्यांना लावला.

मी अमरावतीला परतले आणि आठवडाभरात फोनवरचं पहिलं वाक्य उशिरा येऊ लागलं. कॉल लागायचा, भाऊ माझ्याकडे बघत असायचा आणि मशीन गप्प. मी "हॅलो, हॅलो" करत राहायचे. मग अचानक, "काय वं पोट्टे." पुढचा भाग आणखी थोड्या वेळानं. वहिनी म्हणाल्या, सकाळी सुरू करायला लावलं की माझा चहा होऊन जातो, याचं अजून चाललेलंच असते. पिवळी पट्टी सरकताना मध्येच थबकायची. भाऊ एका ओळीवर दाबायचा आणि उमटायची भलतीच, कारण दाबलेलं मशीनला कळेपर्यंत पट्टी पुढे गेलेली असायची. त्याला खोडायचं असायचं तर खोडण्यालाही तोच उशीर. लहानसं वाक्य लिहिताना त्याच्या कपाळावर घाम यायचा.

"नवीन हाय, बसन हळूहळू," तो म्हणाला. मोटारींबद्दलही तो गिऱ्हाइकांना असंच सांगायचा. आम्ही थांबलो. मग एके दिवशी मशीनमध्ये जागा कमी असल्याचा निरोप आला, त्यात सुचवलेली सफाई वहिनींनी करू दिली, आणि तिच्यात जुन्या सिस्टीमच्या फायलीही गेल्या. परत मागे जायची वाट होती ती बंद झाली. अमरावतीच्या बाईंनी मला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा मी स्टाफ रूममध्ये होते. तपासायच्या वह्या मी तशाच मिटून ठेवल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी अकोल्याला गेले. दुपारची जेवणं झाली होती. भाऊला पातळ केलेलं वरण भरवून वहिनी गल्लीच्या टोकाच्या दुकानातून त्याची औषधं आणायला गेल्या. मी त्याच्यासमोर खुर्ची घेऊन लसूण सोलत होते. तो पडद्याकडे बघत होता, बोट हलत होतं. काहीतरी मोठं लिहितोय असं मला वाटलं. त्याचं लिहून होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही हा आमच्या घरातला नियम, म्हणून मी गप्प राहिले.

मग माझ्या लक्षात आलं की बोट लिहिताना हलतं तसं हलत नाहीये. लिहिताना तो दाबतो, थांबतो, दाबतो. आता तो नुसता दाबत होता, एकसारखा, न थांबता. मी पडद्याकडे पाहिलं. पिवळी पट्टी बाजूच्या एका चौकोनावर गोठली होती. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते आणि डोळे माझ्यावर रोखलेले होते. त्या डोळ्यांत जे होतं ते मी त्याच्या आजाराच्या इतक्या काळात कधी पाहिलं नव्हतं.

त्याला खोकता येत नाही. घशात काही अडकलं तर ते नळीनं ओढून घ्यायचं यंत्र पलंगाजवळच असतं. वहिनी ते रोज वापरतात आणि मी शेजारी उभी राहून पाहिलेलं. पाहणं आणि करणं यात किती अंतर असतं ते त्या क्षणी कळलं. यंत्राचं बटण सापडेना. सापडलं तर नळी किती आत घालायची ते आठवेना. मी वहिनींना हाका मारत होते आणि त्या घरात नाहीत हे मला माहीत होतं. भाऊची मान एका हातानं वळवली, नळी गालाच्या आतून सरकवली. यंत्र घुरघुरलं, काही आलं नाही. पुन्हा घातली. "भाऊ, थांब, थांब जरा," असं काहीतरी मी बोलत होते, जणू थांबणं त्याच्या हातात होतं.

तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, घट्ट पिवळट कफ नळीतून वर चढताना दिसला. त्याची छाती एकदम फुगली. श्वासाचा आवाज आला. मी नळी हातात धरून तशीच उभी राहिले. वहिनी दारातून आल्या, त्यांनी माझा चेहरा पाहिला, पिशवी खाली टाकली आणि माझ्या हातातून नळी काढून घेतली. उरलेलं त्यांनी साफ केलं. ओठांचा रंग परत येत होता.

आम्ही दोघी त्याचं तोंड पुसत होतो आणि तेव्हा मशीन बोललं. शांत, तरुण, नीटनेटक्या आवाजात म्हणालं, "कफ अडकला." मग पुन्हा, "कफ अडकला." मग पुन्हा. त्यानं जितक्यांदा दाबलं होतं तितक्यांदा ते बोलत राहिलं. वहिनींनी दोन्ही हात कानांवर ठेवले. मी लॅपटॉपचं झाकण लावलं तरी आतून आवाज येतच होता.

त्या रविवारी संध्याकाळी मी अमरावतीच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मशीन माझ्याकडे आणा. त्यांच्या ओळखीचा दुरुस्तीवाला आहे, आतली जुनी डिस्क काढून वेगवान डिस्क टाकेल, मेमरी वाढवेल, भाऊंचं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेईल. त्यांच्याकडे तात्पुरतं द्यायला दुसरं मशीन नव्हतं. त्या बटणाची आणि त्या प्रोग्रॅमची जुळवाजुळव करणं अकोल्यात कुणाला येत नव्हतं. म्हणजे भाऊला न बोलता राहावं लागणार होतं. त्यांनी फोनवरून मला एक तक्ता सांगितला. पुठ्ठ्यावर अक्षरांच्या ओळी लिहायच्या, आपण ओळीचं पहिलं अक्षर म्हणायचं, हवी ती ओळ आली की त्यानं डोळे वर न्यायचे. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या, अंदाजानं वाचायचं.

मी साडीच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि मार्करनं तक्ता लिहिला. भाऊ पाहत होता. मी त्याला विचारलं, "नेऊ का मशीन?" त्यानं डोळे वर नेले. हो.

सोमवारी सकाळी मी बसनं निघाले. लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर म्हणाला, "ताई, वर ठेवा ना बॅग, मोकळ्या बसा." मी नाही म्हटलं. कापसाच्या गाड्यांमुळे मूर्तिजापूरच्या अलीकडे बस सारखी करकचून थांबत होती आणि दर वेळी मी दोन्ही हातांनी तो गठ्ठा छातीशी धरत होते. तो पडला तर काय होईल याची चित्रं डोळ्यांपुढे येत होती. आणि तो नीट पोचला तरी? डिस्क उतरवताना मध्येच बिघडली तर? त्या मशीनमध्ये त्यानं लिहून ठेवलेली शेकडो वाक्यं होती, प्रत्येकासाठी वेगळी. पण त्याहून मोठी भीती मागे राहिली होती. आता या घडीला त्याला काही होत असेल तर तो सांगणार कसा? वहिनी अंघोळीला गेल्या असतील तर? मी बडनेरा येईपर्यंत त्यांना इतके फोन केले की शेवटी त्या म्हणाल्या, "ताई, तुमीच असे फोन करत राहाल तं मी त्यायच्याकडे पाहू कधी?"

दुरुस्तीवाला बोलायला कमी होता. मशीन उघडून पाहिलं आणि म्हणाला, "होऊन जाईन. पन डेटाची गॅरंटी कोनी देत नाई, मीबी नाई देनार." मी त्याला सांगितलं की यात एक माणूस बोलतो. त्यानं मान हलवली, आधी सगळ्याची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि मगच पुढच्या कामाला लागला. जुनी डिस्क इतकी हळू वाचली जात होती की नुसत्या प्रतीलाच संध्याकाळ झाली. "उद्या या," तो म्हणाला.

मी घरी आले आणि व्हिडिओ कॉल लावला. समोर भाऊचा चेहरा होता, पहिलं वाक्य नव्हतं. वहिनी तक्ता धरून शेजारी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दुपारपासून काही सांगून राह्यले. मले नीट समजून नाई राह्यलं. मी अक्षरं म्हनतो, तुमी लिहून घ्या."

त्या हळूहळू म्हणत गेल्या. क ची ओळ? च ची? ट ची? भाऊचे डोळे स्थिर. प ची? डोळे वर गेले. प, फ, ब, भ, म. म. मी लिहिलं. मग पुन्हा पहिल्यापासून. ल. मग भ. मग व.

"मलभव," मी वाचलं. मला काही कळेना. "मला भाव? भाव काय, कशाचा भाव?"

वहिनी माझ्या आधी समजल्या. त्यांच्या हातातला पुठ्ठा खाली आला. "मले भेव," त्या म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "तुमाले भेव लागून राह्यलं?"

डोळे वर गेले.

आजार कळल्यापासून भाऊनं हा भीतीचा शब्द आमच्यापुढे कधी उच्चारला नव्हता. मशीनवर तो टोमणे मारायचा, वहिनींच्या भाजीला नावं ठेवायचा, मरणाचीही थट्टा करायचा. "कशाचं भेव, भाऊ?" मी विचारलं. वहिनींनी पुन्हा तक्ता उचलला. झ आलं. मग प.

झोप. त्याला झोपायची भीती वाटत होती. झोपेत घसा भरला आणि जाग आली, तर उठवणार कसं, हाच विचार तो दुपारपासून करत होता. खरं तर आदल्या दिवसापासूनच करत असणार.

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मला फक्त "मलाही, भाऊ" एवढंच म्हणता आलं. वहिनी मात्र उठल्या. त्यांनी आपली गादी त्याच्या पलंगाला लावून टाकली आणि त्याच्या उजव्या बोटाला एक दोरी बांधून दुसरं टोक आपल्या मनगटाला बांधलं. "वढा," त्या म्हणाल्या. बोट किंचित हललं. दोरी ताणली गेली नाही, पण त्यांना हालचाल कळली. "कळते मले. झोपा आता बिनघोर." मी स्क्रीनवर ते पाहत होते. मला रडू आवरेना म्हणून मी कॅमेऱ्यावर बोट ठेवलं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मशीन मिळालं. दुरुस्तीवाल्यानं माझ्यासमोर सुरू करून दाखवलं. माझा श्वास अर्धा असतानाच पडदा उजळला. वाक्यं होती. सगळी होती. अमरावतीच्या बाई तिथेच आल्या होत्या, त्यांनी पिवळी पट्टी चालवून पाहिली. ती न अडखळता सरकत होती. त्यांनी सिस्टीममधले न लागणारे प्रोग्रॅम बंद करून टाकले आणि आपोआप येणारे बदल आपल्याला विचारल्याशिवाय येणार नाहीत असं करून ठेवलं. मग म्हणाल्या, "एक गोष्ट मी आधीच करायला हवी होती. हाक मारण्यासाठी कॉम्प्युटरवर विसंबायचं नाही." त्यांनी दाराला लावतात तसली बिनतारी बेल दिली. तिचं बटण त्याच्या बोटाजवळ चिकटवायचं, घंटा वहिनी असतील तिथे ठेवायची. तिच्यात वेगळी बॅटरी असते. लॅपटॉपशी तिचा काही संबंध नाही.

मी तशीच पुन्हा बस धरली. अकोल्याला पोचले तेव्हा वहिनी दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले. झोपल्या नव्हत्या हे उघड होतं. आम्ही मशीन समोर ठेवलं, बटण बोटाखाली सरकवलं. भाऊनं पट्टी वरून खाली, वरून खाली दोनदा जाऊ दिली, नुसता तिच्याकडे पाहत राहिला. मग लिहिलं, "तुह्या वहिनीले झोपू दे."

वहिनी आत जाऊन पडल्या. मी त्याच्याजवळ बसले. मी विचारलं, "कसं वाटते आता, भाऊ?" त्यानं लिहिलं, "बेस." आदल्या रात्री तक्त्यावर जे बोलला त्याबद्दल तो आणखी काही बोलेल असं मला वाटलं. तो विषय त्यानं काढलाच नाही. मशीन परत आलं आणि त्याबरोबर त्याचं ते आधीचं थट्टेचं बोलणंही. पण वहिनींची गादी तेव्हापासून त्याच्या पलंगाला लागूनच असते.

मशीन आता बरं चालतं. भीती मात्र गेली नाही, ती माझ्यात राहायला आली आहे. परवा नववीच्या तासाला फळ्यावर समीकरण लिहीत होते आणि टेबलावर फोन थरथरला. वहिनींचा नंबर. त्या या वेळी कधी फोन करत नाहीत. मी व्हरांड्यात आले, पण हिरव्या खुणेवर बोट ठेवायचं धाडस होईना. फोन वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. तेव्हा घेतला.

"ताई, तुरीच्या शेंगा आल्या हायत ताज्या," वहिनी म्हणत होत्या. "रविवारी येता काय? येत असाल तं ठेवतो."

मागून भाऊचं मशीन काहीतरी बोलत होतं, मला नीट ऐकू येत नव्हतं. "येते," मी म्हटलं. मग वर्गात जाऊन अर्धं राहिलेलं समीकरण पुरं केलं.